बाबांची एल्सिनोर, लेकीची एक्सआर : एका प्रकरणाचा अभ्यास

मी मुलांना मातीतली मोटरसायकल चालवायला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना वडील घेऊन येतात, आणि त्यातल्या काही वडिलांजवळ पन्नास वर्षांपूर्वीची, स्वतःच्या हाताने उभी केलेली गाडी असते. पुढे लिहिलंय ते अशाच एका घराबद्दल. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाड्या मात्र होत्या त्याच ठेवल्यात, कारण कोणती गाडी होती यावर इथे फार काही अवलंबून होतं.

पार्श्वभूमी

वडील तेव्हा ४६ वर्षांचे, नोकरी पाळ्यांची. त्यांचे स्वतःचे वडील अबोल आणि करडे. बापलेकांत मोकळं बोलणं असं नव्हतंच, अपवाद एका सेकंडहँड टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनाच्या) डर्ट बाइकचा. ती घेऊन दोघं माळावर जात. एक चालवी, दुसरा बघत राही, मग दोघं उकिडवे बसून स्पार्क प्लग काढत आणि इंजिन नीट जळतंय का ते कळावं म्हणून त्याचा रंग बघत. "तेवढा वेळ ते माझे मित्र असायचे," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. सांगताना आवाज जड झाला होता. त्यांचे वडील गेले तेव्हा ते २६ वर्षांचे होते. गाडी त्याआधीच विकली गेली होती.

लेक ९ वर्षांची असताना त्यांच्या हाती १९७४ ची होंडा सीआर १२५ एम एल्सिनोर लागली. इंजिन जाम, टाकी आतून गंजलेली, चाकाच्या निम्म्या तारा तुटलेल्या. जुन्या डर्ट बाइकच्या वेडात असलेल्यांना या नावाचं वजन सांगायला नको. होंडा ही तोवर फोर-स्ट्रोकसाठी ओळखली जाणारी कंपनी. १९७३ मध्ये तिने सीआर २५० एम काढली, ती तिची विक्रीसाठी बनवलेली पहिली टू-स्ट्रोक मोटोक्रॉस (मातीतल्या शर्यतीची) गाडी. पुढच्याच वर्षी तिची १२५ सीसीची धाकटी बहीण आली. नाव ठेवलं कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर गावच्या शर्यतीवरून. वडिलांनी ठरवलं, ही गाडी लेकीसाठी बांधायची.

काम अडीच वर्षं चाललं. पाळी संपली की रात्री, सुट्टीच्या दिवशी सकाळी. दार लावून घेत, कारण रंगाचा वास घरभर होऊ नये आणि ठोकाठोकीने कुणाची झोप मोडू नये. हेतू चांगलाच होता. मधूनमधून ते लेकीला बोलावून झालेलं काम दाखवत, गाडीचा इतिहास सांगत. मुलगी हुशार. एल्सिनोर हे नाव कुठून आलं, कोणत्या साली काय बदललं, हे तिला तोंडपाठ होतं. पण त्या अडीच वर्षांत तिच्या हातात पाना एकदाही आला नव्हता. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती मी पहिल्या दिवशीच विचारायला हवी होती.

अडचण

मुलगी १२ वर्षांची झाली आणि गाडी तयार झाली. दोघं माझ्याकडे आले. गाडी खरोखर देखणी झाली होती. मुलगी सीटवर बसली तर पायाचे फक्त चवडे टेकत होते.

त्या काळच्या १२५ टू-स्ट्रोकचा स्वभाव नवशिक्याला सोपा नाही. खालच्या रेसला इंजिनात जीव नसतो. मूल रेस वाढवतं, तरी काही होत नाही, म्हणून आणखी वाढवतं, आणि मग एका क्षणी सगळी ताकद एकदम येते. पुढचं चाक हलकं होतं, मूल घाबरून मागे झुकतं, आणि मागे झुकताना मनगट आणखी पिळलं जातं. नेमकं तसंच झालं. पंधरा-वीस फूट गेल्यावर ती उजव्या अंगावर पडली. गाडी पडली आणि हँडल वळून टाकीत रुतलं.

पुढचे दहा सेकंद मी जवळून पाहिलेत. वडील धावले. गाडी आणि मुलगी यांत चार-पाच पावलांचं अंतर होतं. ते आधी गाडीपाशी थांबले, पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी उचलली, स्टँड नसल्याने मांडीला टेकवून धरली, आणि मग मान वळवून विचारलं, "लागलं का गं?"

कामाच्या हिशेबाने बघितलं तर कॉक बंद करणं चूक नव्हतं. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकत होतं. कुठलाही जुना गाडीवाला हेच करेल, हात आपोआप तिकडे जातात. पण मुलगी जमिनीवरून बघत होती. ती स्वतःच उठली, हातमोजे काढले, एकात एक घातले आणि उत्तर दिलं नाही.

इथे माझी चूक. "पडल्यावर लगेच परत बसायचं, नाहीतर भीती धरते," हे वाक्य मी अनेक वर्षं ऐकत आले होते आणि शिकवतही आले होते. मी तिला पुन्हा बसवलं. पहिल्या गिअरमध्ये तिने एक फेरी मारली. मी टाळ्या वाजवल्या. तिने गॉगल काढला तेव्हा आतला फोम ओला होता. फेरीभर ती रडत होती आणि मला कळलं नव्हतं.

मनगट मुरगळलं होतं, बाकी खरचटलं होतं. आणि मग एक छोटी गोष्ट घडली, जी वडिलांना छोटीच वाटली. पाचव्या दिवशी टाकी ठोकून, लांबी भरून, रंगवून परत आली. मनगटाची सूज अजून उतरलेली नव्हती.

त्यानंतर ती गाडीबद्दल बोलेना. वडिलांशी बोलणं हो-नाहीवर आलं. रविवारी डोकं दुखू लागलं. वडिलांनी मला फोन करून विचारलं, "ताई, भीती कशी काढायची?" त्यांच्या मते प्रश्न भीतीचा होता. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

एकोणिसाव्या दिवशी आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली, वडिलांना न आणता. मुलगी बराच वेळ माझ्या शेडमधल्या टायरवर बसून होती. मग म्हणाली, "ती गाडी आली तेव्हापासून बाबा घरी असले तरी घरी नसायचे." आणि थोड्या वेळाने, "दार बंद असायचं."

वडिलांनी अडीच वर्षं लेकीसाठी गाडी बांधली होती. लेकीच्या हिशेबात त्या गाडीनेच अडीच वर्षं बाबांना नेलं होतं.

समोर असलेले पर्याय

आम्ही चौघं एकदा बसलो. मुलीने बसायचं मान्य केलं, अट एकच होती की एल्सिनोर शेडमध्ये राहील, समोर नको.

आईचं म्हणणं पहिलं. हे सगळं थांबवावं का? तिने वाचून आणलं होतं की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १६ वर्षांखालच्या मुलांनी अशी रस्त्याबाहेरची वाहनं चालवू नयेत अशी भूमिका २००० सालीच घेतली आहे, आणि त्यात दुचाकीही येतात. ही भूमिका मला माहीत होती. मी हे काम करते म्हणून ती बाजूला सारली असती तर ते अप्रामाणिक झालं असतं. धोका आहे. साधनं, वेग, जागा आणि देखरेख यांनी तो कमी होतो, शून्य होत नाही. मी आईला एवढंच सांगितलं की थांबणं हा पूर्ण योग्य निर्णय असू शकतो, फक्त तो मुलीला विचारून घ्यावा.

वडिलांचा पर्याय वेगळा होता. एल्सिनोरच मुलीजोगी करायची. सीट कापून खाली घ्यायची, सस्पेन्शनही खाली घ्यायचं, पुढचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) बदलायचं. याला मी स्पष्ट नाही म्हटलं. उंची कमी करता येते, पण ती एकदम उसळणारी ताकद स्प्रॉकेट बदलून जात नाही.

माझा आग्रह होता आजच्या काळातल्या छोट्या, बटणावर सुरू होणाऱ्या फोर-स्ट्रोक गाडीचा. शिकायला तीच सगळ्यात सुरक्षित. वडिलांचा चेहरा उतरला. "त्यात मला करण्यासारखं काय राहील?" ते म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. कारण त्यानंतर बराच वेळ ते गप्प होते. आईने तेवढ्यात हलकेच विचारलं, "म्हणजे हे कुणासाठी चाललंय?" त्या प्रश्नात टोमणा नव्हता.

मुलीला आम्ही सगळ्यात शेवटी विचारलं. आम्हा तिघांचं बोलून झाल्यावर. हे लिहितानाही मला ते खटकतंय. ती म्हणाली, "मला तयार गाडी नको." म्हणजे गाडीच नको का, असं वडिलांनी विचारलं. तिने मान हलवली. "तयार नको."

त्या दोन शब्दांतून चौथा पर्याय निघाला. जुनी, लहान, बिघडलेली गाडी आणायची, आणि तिचा पहिला नट मुलीने सोडवायचा.

काय केलं

दीड महिन्यात सत्तरच्या दशकातली एक होंडा एक्सआर ७५ मिळाली, दोन खोक्यांत आणि एका पोत्यात. हे मॉडेल १९७३ साली आलं. ७२ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, चार गिअर, हाताचा क्लच, पुढचं चाक १६ इंची आणि मागचं १४. मुलांसाठीच बनवलेली गाडी, पण खेळणं नव्हे, मोठ्या गाडीचं सगळं तंत्र लहान मापात. ताकद खालपासून हळूहळू वाढते, चूक माफ करते. आणि एक गोष्ट जी आम्ही ठरवून केली नव्हती, पण तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. वडील त्या गाडीवर बसले की त्यांचे गुडघे हँडलला लागायचे. ती गाडी त्यांना चालवताच येणार नव्हती.

नियम मुलीने लिहिले आणि शेडच्या भिंतीवर चिकटवले. "दार उघडं राहील. मी नसताना कुणी एक नटसुद्धा फिरवायचा नाही. गाडी कधी चालवायची ते मी सांगेन, तोपर्यंत विचारायचं नाही." मी त्यात एक ओळ घातली. हेल्मेट नवंच. वडिलांची इच्छा होती की त्यांनी लहानपणी घातलेलं हेल्मेट लेकीने घालावं. त्यामागचं मन मला कळत होतं, पण इतक्या वर्षांत आतला फोम कडक झालेला असतो आणि डोक्याला बसणारा मार तो शोषत नाही. ते हेल्मेट खिळ्याला टांगलं.

काम संथ चाललं. मुलगी प्रत्येक भाग काढण्याआधी वहीत चित्र काढायची, बाणाने दिशा दाखवायची, वॉशर किती आणि कोणत्या क्रमाने ते लिहायची. जे काम वडील एकटे असते तर एका संध्याकाळी झालं असतं, त्याला तीन रविवार लागत. वडिलांनी मला कबूल केलं की पहिले दोन महिने त्यांच्या हाताला अक्षरशः खाज सुटायची.

एकच काम तिच्यापासून दूर ठेवलं. त्या काळच्या ब्रेकशूच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून हवेने फुंकर मारायची सवय अनेकांना असते, ती घातक आहे, कारण ती धूळ फुप्फुसात जाते. वडिलांनी तिला बाहेर थांबवलं, मास्क लावला, सगळं ओल्या कपड्याने पुसलं, कपडा पिशवीत बांधून टाकला, आणि मग तिला आत बोलावून दार का लावलं होतं ते सांगितलं. तिने ते लगेच मान्य केलं. दार बंद असण्याचं कारण तिला कुणी सांगण्याची ही पहिलीच वेळ होती.

चुकीचा एक प्रसंग इथेच घडला, आणि मला वाटतं या प्रकरणाचा कणा तोच आहे. तिसऱ्या महिन्यात इग्निशनचे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे दोन संपर्क) बसवायचे होते. या गाडीत त्यांच्यातलं अंतर ०.३ ते ०.४ मिलिमीटर लागतं. रविवारी दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही, ती झोपायला गेली. वडिलांना राहवलं नाही. रात्री अकराला खाली जाऊन त्यांनी ते नीट बसवून टाकले. सकाळी सांगणारही नव्हते.

पुढच्या रविवारी मुलीने फ्लायव्हीलच्या खिडकीतून टॉर्च मारला. पॉइंटच्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच काळपट, तेलकट होती. त्या खाचेत आता एक ताजी, चकचकीत रेघ होती, जिथे स्क्रूड्रायव्हर निसटला होता. ती काही बोलली नाही. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, स्क्रू ढिला केला, अंतर पूर्ण मिटवलं, आणि फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) ०.३५ चं पान हातात घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. पान सरकताना दोन कागदांमधून तिसरा ओढल्यासारखं हलकं अडलं पाहिजे. तिला पाऊण तास लागला. वडील शेजारी उभे होते. शेवटी तिने पान त्यांच्या हातात दिलं, "बघा." त्यांनी सरकवून पाहिलं. बरोबर होतं. मग ते म्हणाले, "मी रात्री येऊन केलं होतं. पुन्हा नाही करणार." ती म्हणाली, "मला माहितेय." इतकंच.

त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, ती रागावली का? ते म्हणाले, रागावली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या महिन्यात व्हॉल्व्हचं अंतर ०.०५ मिलिमीटर लावून, नवीन तेल भरून, तिने किक मारली. नवव्या किकला गाडी सुरू झाली. वडिलांनी रेसला हात लावला नाही. मी ते खास बघत होते.

मैदानावर

चालवायचं केव्हा हे तिने आणखी तीन आठवड्यांनी सांगितलं. पहिले दोन दिवस इंजिन बंदच. वडील मागून ढकलत, ती फूटरेस्टवर उभी राहून गुडघ्यांनी टाकी धरायला, नजर चाकावर न ठेवता लांब ठेवायला आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबायला शिकली. जुन्या ड्रम ब्रेकला आजच्या डिस्कसारखा चावा नसतो आणि पाणी गेलं की तो जवळजवळ नाहीसाच होतो, म्हणून अंतर आधीपासून ओळखणं महत्त्वाचं. उड्या मारायच्या नाहीत हेही आधीच ठरलं. एल्सिनोरसारख्या त्या काळच्या शर्यतीच्या गाडीचंही मागचं सस्पेन्शन जेमतेम १०० मिलिमीटर हलायचं. आजच्या मोटोक्रॉस गाडीचं ३०० च्या आसपास हलतं. आजच्या व्हिडिओंत दिसतं ते जुन्या गाडीवर करायला गेलं तर आधी गाडी मोडते, मग माणूस.

दोघं एकत्र चालवू लागले तेव्हा वडील सवयीने पुढे जायचे. पुढच्याने रस्ता दाखवायचा असं त्यांना वाटे. मी त्यांना मागे टाकलं. पुढच्याच्या मागे जाणारं मूल त्याचा वेग गाठायला बघतं, स्वतःचा विसरतं. शिवाय मागे असणाऱ्याला मूल सतत दिसतं. खूण एकच ठरवली. तिने डावा हात वर केला की थांबायचं, कारण विचारायचं नाही.

तिने पहिल्या दिवशी अकरा वेळा हात वर केला. बहुतेक वेळा काही कारण नव्हतं. ती तपासत होती. ते अकराही वेळा थांबले.

दुसरा कठीण दिवस

चार महिने बरे गेले. मग एका सकाळी वडील एल्सिनोरवर होते आणि तिने हात वर केला. थांबल्यावर हेल्मेट काढून म्हणाली, "बाबा, तुम्ही रेस सोडता तरी आवाज लगेच खाली येत नाहीये. लटकतोय."

वडिलांनी ऐकलं, मूठ एकदोनदा फिरवली आणि म्हणाले, "केबल अडकत असेल." केबलमध्ये तेल सोडलं. तिला पटलं नव्हतं, हे मला तिच्या उभ्या राहण्यावरून दिसत होतं. मीही काही बोलले नाही. तीस वर्षं टू-स्ट्रोक हाताळलेला माणूस आणि वर्षभर एक फोर-स्ट्रोक उघडलेली मुलगी. मी मनातल्या मनात त्यांची बाजू घेतली.

लांब सरळ पट्ट्यावर पिस्टन जाम झाला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी फरफटत तिरकी झाली. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून ते पडले नाहीत.

मुलीने आपली गाडी उभी केली, धावत त्यांच्याकडे गेली, आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला.

ते म्हणाले, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही." ती म्हणाली, "आता उघडायची ना?"

एल्सिनोरला तिने पाना लावला तो त्या दुपारी. हेड आणि सिलिंडर निघालं तेव्हा पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरला फासलं गेलं होतं. वडील आधी कार्बोरेटरच्या जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या) मागे लागले. मुलगी पेट्रोल-तेलाच्या प्रमाणाच्या मागे लागली. जुन्या पुस्तिकेत २०:१ होतं, म्हणजे ५ लिटरला २५० मिलिलिटर, आणि डबा तिनेच भरला होता म्हणून तिला स्वतःवरचा संशय फेडायचा होता. प्रमाण बरोबर निघालं. शेवटी सिलिंडर परत चढवून, सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं बंद करून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या बंद पेटीत) ६ पीएसआय दाबाने हवा भरली, म्हणजे प्रेशर टेस्ट केली. काही मिनिटं काटा जागेवर राहायला हवा. तो डोळ्यांदेखत खाली आला. साबणाचं पाणी लावल्यावर मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूच्या रबरी ऑइल सीलमधून फुगे आले.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून जातं. मॅग्नेटोकडचं सील कडक झालं की तिथून जादा हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि रेस सोडली तरी आवाज लटकत राहतो. (क्लचच्या बाजूचं सील गेलं तर मात्र गिअरचं तेल आत जातं आणि धूर येतो, ते निदान लगेच दिसतं.) गाडी बांधताना वडिलांनी बाहेरचा प्रत्येक नट नवा घातला होता, पण सील जुनीच ठेवली होती. गाडी फार चाललेली नव्हती, म्हणून सील चांगली असतील असा त्यांचा हिशेब. रबर मात्र पडून राहूनही कडक होतं, कदाचित जास्तच.

निष्पत्ती

सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. या वेळी एल्सिनोर दोघांनी मिळून बांधली. वहीत तिची १४ पानं आहेत.

आज मुलगी महिन्यातून साधारण दोन रविवार चालवते. शर्यतीत उतरायची इच्छा नाही, आणि वडिलांनी मनात धरलेलं ते स्वप्न त्यांनी हळूहळू, थोड्या दुःखाने सोडलं. तिला चालवण्यापेक्षा उघडण्यात जास्त रस आहे. एल्सिनोर ती अजून चालवत नाही. आता उंची पुरते, पण तिने मागितली नाही आणि वडिलांनी सुचवलं नाही.

बोलणं वाढलं, पण घरात जेवताना नव्हे. दोघांचे हात कामात, नजर कार्बोरेटरवर, तेव्हा. मैत्रिणीशी तुटलेलं बोलणं, गणिताच्या वर्गातली एक गोष्ट, हे सगळं आईआधी वडिलांना तिथे कळलं. आईला याचा आनंद आहे आणि थोडं लागलंही आहे, असं ती मला मोकळेपणाने म्हणाली. रविवार तिघांचा होता, तो दोघांचा झाला. त्यावर अजून उपाय निघालेला नाही.

आणि ती अडीच वर्षं परत आलेली नाहीत. मागच्याच महिन्यात कशावरून तरी भांडण झालं आणि ती म्हणाली, "तेव्हा कुठे होतात तुम्ही?" वडिलांनी सफाई दिली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

एल्सिनोर त्या दिवशी तिला आणलेल्या वाहनातून खाली उतरवूच दिली नसती. चवडे टेकतायत हे दिसत होतं. गाडी इतकी सुंदर होती आणि तिच्यामागचे कष्ट इतके की मला नाही म्हणवलं नाही. आता मी मुलाचे दोन्ही तळवे टेकतात का हे गाडी बघायच्या आधी बघते.

जुनी टू-स्ट्रोक कितीही नवी दिसो, प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय माझ्या मैदानावर चालत नाही. त्या सकाळी गाडीवर वडील होते. मुलगी असती तर क्लच दाबण्याइतकी सवय तिच्या बोटांना होती का, हा विचार मला अजून सोडत नाही.

तिने रेस लटकतेय असं सांगितलं तेव्हा मध्ये बोलायचं काम माझं होतं. वडिलांना लेकीचं ऐकणं अवघड होतं, मला नव्हतं. गाडी तिथेच थांबवून प्लग काढून पाहायला दोन मिनिटं लागली असती.

वडिलांना विचारलं तर ते एकच गोष्ट सांगतात. पहिल्या दिवशी जाम इंजिन घरात आणलं तेव्हा ९ वर्षांची लेक दारात उभी राहून विचारत होती, "मी धरू का काही?" आणि ते म्हणाले होते, "थांब बाळा, झाली की दाखवतो."

मी स्वतः बदललेली गोष्ट पडण्याबद्दलची आहे. पडलेल्या मुलाला मी आता परत बसायला सांगत नाही. गाडी बंद करते, मुलाशेजारी जमिनीवर बसते आणि गाडीचा विषय मूल काढेपर्यंत काढत नाही. कुणी पाच मिनिटांत काढतं, कुणी पुढच्या आठवड्यात. या मुलीला एकोणीस दिवस लागले होते.